रक्ताचा नमुना द्यावा का?

वाचकाचे पत्र

‘आमचा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. पाचव्या महिन्यात त्याला झटके सुरू झाले आणि एमआरआयमध्ये लिसेनसेफलीचे निदान झाले. मेंदूवर वळ्याच पडलेल्या नाहीत, पुढच्या भागात तर अजिबात नाहीत, असे अहवालात म्हटले आहे. गरोदरपणातील दोन्ही सोनोग्राफी व्यवस्थित होत्या. सातव्या महिन्यात मला ताप आला होता आणि त्यावर घेतलेली गोळी काही केल्या मनातून जात नाही. या विकृतीची जनुकीय कारणे शोधणाऱ्या एका संशोधक गटाने आता आमच्या तिघांच्या रक्ताचे नमुने आणि एमआरआयची प्रत मागितली आहे. माझे पती तयार नाहीत. कारण कळून मुलगा बरा होणार आहे का, असे ते विचारतात. शिवाय दोष कोणाच्या बाजूने आला हे ठरले की घरात कायमची तेढ पडेल, अशी त्यांना भीती वाटते. माझ्या धाकट्या बहिणीला शाळेत असल्यापासून फिट येतात, म्हणून सासूबाई आत्ताच बोलून दाखवतात. आम्हाला दुसरे मूल हवे आहे. आम्ही काय करावे?’

उत्तर

सप्रेम नमस्कार,

तापाच्या त्या गोळीपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या कोणत्याही निर्णयाआधी तुमच्या मनावरचे ते ओझे उतरले पाहिजे. गर्भाच्या मेंदूतील चेतापेशी जिथे जन्मतात तिथे राहत नाहीत. मेंदूच्या आतील पोकळ्यांच्या कडेला त्या तयार होतात, तिथून बाहेरच्या दिशेने प्रवास करतात आणि पृष्ठभागाजवळ सहा थरांमध्ये स्थिरावतात. आधी निघालेल्या पेशी खालच्या थरांत राहतात आणि मागून आलेल्या पेशी त्यांना ओलांडून वर जातात. हा प्रवास मुख्यतः गर्भधारणेच्या १२ ते २४ आठवड्यांच्या काळात होतो. लिसेनसेफलीमध्ये तो वाटेतच अडतो, सहाऐवजी बहुधा चारच जाड आणि विस्कळीत थर बनतात, आणि पुढे मेंदूच्या पृष्ठभागावर ज्या वळ्या पडायला हव्यात त्या पडत नाहीत. सातवा महिना लागेपर्यंत हा प्रवास जवळजवळ आटोपलेला असतो. तुमच्या मुलाच्या मेंदूत जे घडले ते त्या तापाच्या आणि त्या गोळीच्या कित्येक आठवडे आधी घडून गेलेले होते. सोनोग्राफीत ते दिसले नाही याचाही अर्थ कोणी हयगय केली असा होत नाही, कारण पाचव्या महिन्यात निरोगी गर्भाचा मेंदूसुद्धा बराचसा गुळगुळीतच असतो आणि वळ्या त्यानंतर ठळक होत जातात. उशिरा पडणाऱ्या वळ्यांचा अभाव लवकर केलेल्या तपासणीत ओळखणे फार अवघड असते.

एक अपवाद मात्र सांगून ठेवते. गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग गर्भापर्यंत पोहोचला, तर त्यानेही मेंदूच्या बाह्य थराची घडण बिघडू शकते. बाळाच्या जन्मानंतर टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब टिपकागदावर जपून ठेवलेले असतील, तर त्यांवरून हा संसर्ग आजही पडताळता येतो. तुमच्या डॉक्टरांनी त्याचा विचार केलाच असेल, तरी एकदा विचारून घ्या.

आता ‘दोष कोणाच्या बाजूने’ या प्रश्नाकडे वळते. आई-वडिलांपैकी कोणाच्याही रक्तात नसलेले साधारण ६० ते ७० नवे जनुकीय बदल घेऊन प्रत्येक मूल जन्माला येते. तुमच्यात आणि माझ्यात ते आहेत, सासूबाईंमध्येही आहेत. त्यांतील बहुतेक बदल निरुपद्रवी जागी पडतात. एखाद्या मुलाच्या वाट्याला मात्र असा एक बदल येतो, जो नेमका चेतापेशींच्या प्रवासाला लागणाऱ्या जनुकात असतो. लिसेनसेफलीच्या बऱ्याच मुलांमध्ये कारण असेच नव्याने उद्भवलेले असते. अशा वेळी ‘बाजू’ नावाची गोष्टच उरत नाही. तुमच्या पतींना ज्या उत्तराची भीती वाटते ते अजून कोणालाच माहीत नाही, आणि सासूबाई जे बोलतात ते मात्र घरात आत्ताच उत्तर म्हणून वावरते आहे. तपासणी टाळल्याने तेढ टळत नाही. उलट अंदाजालाच निदानाचा मान मिळतो, आणि तुमच्या घरात हे घडू लागले आहे असे मला पत्रावरून वाटते.

तरीही तुमच्यापासून काही लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. तुमच्या पत्रातील दोन गोष्टी एकत्र वाचताना मी थांबले. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करतही नाही, पण ही शक्यता तुमच्या डॉक्टरांसमोर जायला हवी. लिसेनसेफलीशी जोडले गेलेले पहिले जनुक, एलआयएस१, १९९३ मध्ये सतराव्या गुणसूत्रावर सापडले. त्याची एक प्रत बिघडली किंवा गळली, तर वळ्यांचा अभाव मेंदूच्या मागच्या भागात अधिक दिसतो. १९९८ मध्ये एक्स गुणसूत्रावर डीसीएक्स हे दुसरे जनुक सापडले, आणि त्याच्यातील बिघाडात मेंदूच्या पुढच्या भागावर अधिक परिणाम झालेला असतो. मुलाला एकच एक्स गुणसूत्र असते, त्यामुळे त्याच्यात पूर्ण स्वरूपाची लिसेनसेफली होते. स्त्रीला दोन एक्स असतात आणि तिच्या प्रत्येक पेशीत त्यांपैकी एकच काम करते. म्हणून बिघडलेली प्रत बाळगणाऱ्या स्त्रीच्या काही चेतापेशी ठिकाणावर पोहोचतात आणि काही वाटेतच राहतात. वाटेत राहिलेल्या पेशींचा एक पट्टा मेंदूच्या बाह्य थराखाली तयार होतो, ज्याला डॉक्टर ‘दुहेरी कॉर्टेक्स’ म्हणतात. अशा काही स्त्रियांना बौद्धिक अडचणी येतात, काहींना केवळ फिट येतात, आणि काहींना आयुष्यभर काहीच जाणवत नाही.

डीसीएक्सचा शोध अशाच कुटुंबांमुळे लागला, जिथे एखाद्या स्त्रीला फिट येत होत्या आणि तिच्या किंवा तिच्या नात्यातील स्त्रीच्या मुलाला लिसेनसेफली होती. त्या स्त्रियांनी आणि त्यांच्या नातलगांनी रक्ताचे नमुने दिले, म्हणून संशोधकांना एक्स गुणसूत्रावरील नेमकी जागा गाठता आली. तुमच्या बहिणीच्या फिटचे कारण पूर्णपणे वेगळे असू शकते. फिट हा सर्रास आढळणारा आजार आहे आणि त्याची कारणे अनेक आहेत. परंतु पुढच्या भागात अधिक बाधा झालेला मुलगा आणि फिट येणारी मावशी या दोन गोष्टी एकाच कुटुंबात असताना डीसीएक्स तपासल्याशिवाय राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तो बदल तुमच्याकडून आलेला निघाला तर? तर तो तुम्हाला तुमच्या आईकडून आलेला असेल, किंवा तुमच्या आई-वडिलांपैकी एकाच्या बीजपेशींमध्ये (स्त्रीबीजात किंवा शुक्राणूत) प्रथम उद्भवलेला असेल. आणि या साखळीत कोणीही काही केलेले नसेल, कोणाला ते कळण्याचा मार्गही नसेल. वाहक असणे हा अपराध नाही, हे वाक्य तुम्हाला घरात कदाचित पुन्हा पुन्हा म्हणावे लागेल. ते तुमच्या पतींनी म्हणावे, त्यांच्या आईसमोर म्हणावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. अहवाल येण्याआधीच तुम्ही दोघांनी आपसात हे ठरवून टाकलेत, तर अहवालात काहीही असले तरी तो कागद कोणाच्या हातात शस्त्र म्हणून पडणार नाही.

कारण कळून मुलगा बरा होणार आहे का, हा तुमच्या पतींचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे आहे. पेशींचा प्रवास जन्माआधीच संपलेला असतो आणि तो पुन्हा घडवून आणणारा उपचार आज माणसांसाठी उपलब्ध नाही. प्रयोगशाळेत काही हालचाल जरूर आहे. एलआयएस१ची एक प्रत नसलेल्या उंदरांच्या पोटातील पिल्लांमध्ये, त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचे विघटन करणारे एक विकर (एन्झाइम) रोखल्यावर पेशींचा प्रवास काही अंशी सुधारला, असे २००९ मध्ये दाखवले गेले. सतराव्या गुणसूत्राचा तुकडा गळलेल्या मुलांच्या पेशींपासून मेंदूच्या ऊतीचे सूक्ष्म गोळे वाढवून, नेमके काय बिघडते याचा अभ्यास २०१७ पासून प्रसिद्ध होऊ लागला. हे सारे मोलाचे आहे, पण तुमच्या मुलाच्या उपचाराशी त्याचा आज संबंध नाही, आणि तसा संबंध आहे असे कोणी सुचवले तर सावध राहा. तुमच्या मुलासाठी आज महत्त्वाचे आहे ते झटक्यांवर नियंत्रण, गिळताना अन्न श्वासनलिकेत जात नाही ना याची तपासणी, छातीच्या संसर्गाकडे वेळीच लक्ष आणि सांधे आखडू नयेत म्हणून व्यायामोपचार. यांतील एकही गोष्ट जनुकीय अहवालासाठी थांबवू नका. विशेषतः झटक्यांचे स्वरूप बदलले, अंग एकदम आक्रसून जाण्याचे लागोपाठ प्रकार दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि जमल्यास मोबाइलवर चित्रीकरण करून दाखवा.

कारण शोधायचे ते मग कशासाठी? माझ्या मते तुमच्या बाबतीत त्याचे उत्तर पत्राच्या शेवटच्या वाक्यात आहे: तुम्हाला दुसरे मूल हवे आहे. पुढच्या गरोदरपणात हीच विकृती पुन्हा येण्याची शक्यता केवळ ‘लिसेनसेफली’ या नावावरून सांगता येत नाही, ती कारणानुसार कमालीची बदलते. बदल मुलामध्ये नव्यानेच उद्भवलेला असेल, तर पुनरावृत्तीची शक्यता साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी धरतात. ती शून्य नसते, कारण आई किंवा वडिलांच्या काही बीजपेशींमध्ये तोच बदल दडलेला असू शकतो आणि रक्ताच्या तपासणीत तो दिसत नाही. डीसीएक्समधील बदल तुमच्याकडून आलेला असेल, तर प्रत्येक गरोदरपणात तो बाळाकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. मुलगा असल्यास लिसेनसेफली, मुलगी असल्यास दुहेरी कॉर्टेक्सचा कमी-अधिक त्रास, किंवा कधी काहीच नाही. दोन्ही पालकांकडून बिघडलेली प्रत मिळाल्यावरच प्रकट होणारे काही प्रकार आहेत, त्यांत ही शक्यता २५ टक्के असते. सतराव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला आढळला, तर आई किंवा वडिलांच्या गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल झालेली आहे का हे वेगळ्या तपासणीने पाहावे लागते. अशी व्यक्ती स्वतः पूर्णपणे निरोगी असते, आणि तरीही पुढच्या अपत्यासाठी धोका बराच वाढलेला असतो. एक टक्का आणि ५० टक्के यांतील फरक तुमच्या पुढच्या काही वर्षांचा आहे. शिवाय नेमका बदल माहीत असेल, तरच पुढच्या गरोदरपणात अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेच्या नमुन्यावरून किंवा नंतर गर्भजलावरून तो तपासता येतो. तो माहीत नसेल, तर तुम्हाला वळ्या दिसू लागेपर्यंत सोनोग्राफीकडे डोळे लावून बसावे लागेल, आणि ते महिने कसे जातील हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आता माझा मुख्य सल्ला. संशोधनाला नमुना द्या, पण संशोधनालाच तपासणी समजू नका. ही गल्लत फार घरांमध्ये होते आणि तिच्यात वर्षे वाया जातात. रुग्णसेवेतील जनुकीय तपासणी तुमच्या मुलासाठी असते. तिचा अहवाल ठरलेल्या मुदतीत तुमच्या डॉक्टरांकडे येतो. संशोधन हे अनेक कुटुंबांची माहिती एकत्र ठेवून नवे कारण शोधण्यासाठी असते; तिथे तुमचा नमुना महिनोन् महिने रांगेत राहू शकतो, काही प्रकल्पांमध्ये वैयक्तिक निष्कर्ष कळवलेही जात नाहीत, आणि कळवले तरी त्यावरून गरोदरपणाचा निर्णय घेण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ते पडताळून घ्यावे लागतात. म्हणून आधी किंवा सोबतच वैद्यकीय जनुकतज्ज्ञांची भेट घ्या आणि लिसेनसेफलीशी संबंधित ज्ञात जनुकांची तपासणी करून घ्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लिसेनसेफलीच्या ८११ रुग्णांची १७ जनुके तपासली गेली आणि त्यांतील ८१ टक्के रुग्णांमध्ये कारण सापडले; एकट्या एलआयएस१चा वाटा ४० टक्के होता आणि डीसीएक्सचा २३ टक्के. म्हणजे ज्ञात जनुकांमध्येच उत्तर मिळण्याची तुम्हाला चांगली आशा आहे. तपासणी निवडताना एवढे मात्र विचारा की जनुकाचा एखादा तुकडाच गळालेला असेल तर तो या पद्धतीत पकडला जाईल का. जनुकातील डीएनएची अक्षरे एकेक करून वाचणाऱ्या काही पद्धतींमधून असे लहान गळलेले तुकडे निसटतात.

ज्ञात जनुकांमध्ये काहीच सापडले नाही, तर संशोधन गटाचे महत्त्व तुमच्यासाठी खऱ्या अर्थाने सुरू होते. बदल शरीराच्या सगळ्या पेशींत नसून काहींमध्येच असेल, तर नेहमीच्या तपासणीला तो दिसत नाही. २०१४ मध्ये मेंदूच्या अशा विकृती असलेल्या १५८ जणांचा अभ्यास झाला, त्यात २७ जणांमध्ये कारण सापडले आणि त्यांपैकी आठ जणांमध्ये ते शरीराच्या काही पेशींपुरतेच मर्यादित होते. एकाच जागेचे वाचन शेकडो वेळा केल्यामुळे ते हाती लागले. तिघांचे नमुने एकत्र मागतात तेही याच शोधासाठी. मुलाच्या जनुकसंचात इतके वेगळे बदल असतात की नवा कोणता आणि वारशाने आलेला कोणता हे आई-वडिलांच्या नमुन्यांशी ताडून पाहिल्याशिवाय उमगत नाही. तुमच्या पतींचा नमुना मागितला जातो तो त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी नव्हे; त्यांच्या नमुन्यामुळे शेकडो निरुपद्रवी बदल यादीतून वगळता येतात. हे त्यांना असेच सांगून पाहा.

संमतीपत्र घरी आणा, दोघांनी बसून वाचा आणि सही करण्याआधी संशोधन गटातील व्यक्तीला समोरासमोर विचारा. निष्कर्ष मिळाला तर आम्हाला कळवणार का, आणि कोणामार्फत? आज काही सापडले नाही तर नव्या माहितीच्या आधारे पुन्हा विश्लेषण होणार का? मुलाच्या आजाराशी संबंध नसलेले काही दिसले, उदाहरणार्थ आमच्यापैकी एखाद्याला पुढे होऊ शकणाऱ्या आजाराचा धोका, तर ते सांगणार की नाही, आणि ते नको असे म्हणण्याचा हक्क आम्हाला आहे का? तिघांची तपासणी एकत्र झाली की नात्यांविषयीही अनपेक्षित माहिती समोर येऊ शकते, याची जाणीव चांगले समुपदेशक आधीच देतात. माहिती नाव काढून इतर संशोधकांना दिली जाणार असेल तर ती कोणत्या स्वरूपात दिली जाईल, आणि मुलाचे छायाचित्र त्यात असेल का, हेही विचारा. छायाचित्राला नकार देऊनही बहुधा सहभागी होता येते. कधीही माघार घेता येते आणि त्यामुळे मुलाच्या उपचारात काहीही बदल होत नाही, हे संमतीपत्रात लेखी असायला हवे. यांपैकी एकाही प्रश्नाला घाईघाईने उत्तर देणाऱ्या गटाला मी नमुना दिला नसता.

बहिणीचे काय, हा नाजूक भाग आहे. तिचा एमआरआय कधी झाला आहे की नाही ते तुमच्या पत्रातून कळत नाही. झाला नसेल, तर तिच्या फिटवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भाच्याच्या निदानाची माहिती मिळायला हवी, कारण त्यामुळे तिच्या तपासणीची दिशा बदलू शकते. ते तुम्ही तिला सांगा, एकटीने, फोनवर नव्हे तर भेटून. मात्र स्वतःची जनुकीय तपासणी करायची की नाही हे तिचे तिने ठरवायचे आहे. तुमच्या मुलाच्या कारणाचा शोध तिच्या नमुन्याशिवायही सुरू होऊ शकतो, म्हणून तिच्यावर आत्ता कोणताही दबाव नको. तिला मुले हवी असतील, तर तुमचा अहवाल आल्यावर तिला तो कळवणे हे तुमचे कर्तव्य आहे असे मी मानते.

जनुकतज्ज्ञांकडे जाताना एमआरआयचा केवळ अहवाल नेऊ नका, मूळ चित्रांची सीडी न्या, कारण बाधा पुढे अधिक की मागे हे ते स्वतः पाहतील. तीन पिढ्यांची वंशावळ आधीच कागदावर काढून ठेवा: गर्भपात, तान्हेपणी गेलेली मुले, फिट, उशिरा चालू लागलेली किंवा न बोललेली मुले, दोन्ही बाजूंची. आणि तुमच्या आईला निवांतपणे विचारा की तिच्या भावंडांमध्ये किंवा तिच्या मावशीच्या मुलांमध्ये एखादा मुलगा लहानपणी झटक्यांनी गेला होता का. अशी मुले घरच्या बोलण्यातून हळूहळू नाहीशी होतात, आणि कोणी मुद्दाम विचारल्याशिवाय त्यांचा उल्लेख होत नाही.